गिटार : निवड, निगा आणि थोडे ब्लूजविषयी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या शिलकीतून संगीतवर्गासाठी एक वाद्य घ्यावयाचे ठरत आहे. पेटी आणि तबला यांची नावे पुढे आली, तशी मी गिटारचीही सूचना केली आहे. "ते कॉलेजातल्या पोरांचे वाद्य, आपल्याला या वयात कशाला?" अशी शंका काही जणींना आहे. म्हणून अध्यक्षबाईंनी मला चार शब्द बोलावयास सांगितले. माझा मुलगा नोकरीसाठी बंगलोरला गेला, त्याची गिटार घरी राहिली, आणि गेली चार वर्षे ती मी वाजविते. त्या हाताळणीतून जे कळले तेच सांगते.

विजेवर न चालणारी गिटार दोन प्रकारची असते. एकीला नायलॉनच्या तारा, दुसरीला पोलादी. नायलॉनची बोटांना मऊ लागते. पोलादी तारेचा आवाज खणखणीत, पण पहिले महिनाभर बोटांची टोके हुळहुळतात. मग घट्टे पडतात आणि दुखणे थांबते. भाकरी थापणाऱ्या हातांना त्याचे भय नसावे.

दुकानात गेल्यावर आधी रंग आणि चकाकी दाखवितात. तिकडे पाहू नये. पाहावयाच्या गोष्टी चार. पहिली, आकार. मोठ्या पोटाची गिटार मांडीवर घेतली की उजवा खांदा वर उचलावा लागतो आणि अर्ध्या तासात पाठ भरून येते. आपल्यासारख्यांनी लहान पेटीची घ्यावी. दुसरी, तारांची उंची. बाराव्या पडद्यापाशी पोलादी तार पडद्याच्या वर साधारण २ ते २।। मिलिमीटर असावी. जास्त उंच असली तर दाबता दाबता जीव जातो, आणि शिकणारी बिचारी आपल्याच बोटांना दोष देते. फार खाली असली तर तार पडद्याला लागून झणझणते. तिसरी, दांडी. तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर दाबून धरावी आणि मधे सातव्या पडद्यापाशी पाहावे. तिथे पोस्टकार्डाच्या जाडीहून कमी, अगदी बारीक फट दिसावी. मोठी फट दिसली तर दांडी वाकली आहे असे समजावे. चौथी, सूर. मोकळी तार छेडावी, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडावी. खालचा सा आणि वरचा सा जुळावेत. तिथेच जुळले नाहीत तर पुढे खुंट्या कितीही पिळल्या तरी उपयोग नाही.

वरची फळी अखंड लाकडाची की प्लायची, हा प्रश्न येतोच. अखंड फळीचा आवाज भरदार खरा, पण तिला हवामान फार लागते. ज्या खोलीत चार जणींचे येणे-जाणे, खिडक्या उघड्या आणि वाद्य सांभाळावयास एक ठराविक माणूस नाही, तिथे प्लायची बरी, असे माझे मत आहे. वाचलेल्या पैशातून कारागिराकडून तारांची उंची नीट करून घ्यावी. स्वस्त पण नीट बसविलेली गिटार महाग पण अवघड गिटारपेक्षा दसपट वाजते.

आता निगा. गिटारच्या सहा पोलादी तारांचा ताण मिळून सुमारे ७० किलो असतो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या पातळ फळीला रात्रंदिवस लोंबकळत आहे असे समजा. त्यात उष्णता मिळाली की डिंक सैल पडतो आणि घोडी उचलली जाते. म्हणून स्लॅबच्या खोलीत कपाटावर, बंद मोटारीत किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीशी गिटार कधी ठेवू नये. आपल्या पुण्यात उन्हाळा कोरडा, तेव्हा लाकूड आकसते, पडद्यांची टोके बाहेर येऊन हाताला टोचतात, कधी फळी तडकते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते आणि तारा उंच होतात. उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोके पाडून तीत ओला करून पिळलेला स्पंजचा तुकडा घालावा आणि डबी गिटारच्या पेटाऱ्यात ठेवावी. पावसाळ्यात तिच्या जागी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. वाजवून झाले की जुन्या सुती साडीच्या तुकड्याने तारा पुसाव्यात, घामाने गंज चढतो. तारा बदलताना एकेक बदलावी. लाकडाला खोबरेल चोळू नये. आणि दांडीच्या आत जी लोखंडी सळई असते तिला कारागिराशिवाय कुणी हात लावू नये.

वाद्य घेतले, सांभाळले, पण वाजवावयाचे काय? पुष्कळ जण सिनेमाची गाणी वाजवितात, त्यात वावगे काही नाही. मला मात्र मुलाच्या संग्रहातले ब्लूज आवडू लागले. अमेरिकेच्या दक्षिण भागात, १८६५ साली गुलामगिरी उठल्यानंतरच्या काळात, तिथल्या काळ्या कष्टकरी लोकांमध्ये हे गाणे वाढले. पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यावयाचे. दोन ओळींच्या मधे गिटार बोलते. सतारीवर मींड घेतात तशी तार बोटाने बाजूला ओढून सूर चढवितात.

मिसिसिपीचा जॉन हर्ट हा शेतावर राबणारा माणूस. त्याने १९२८ साली काही गाणी ध्वनिमुद्रित केली आणि पुन्हा शेतावर गेला. १९६३ साली लोकांनी त्याला शोधून काढले. त्याचा अंगठा जात्यासारखा एका लयीत फिरत राहतो आणि वर दोन बोटे चाल म्हणतात. कुठे घाई नाही. हल्ली काही वादक इतके सूर कोंबतात की पाण्याची मोटर लावल्यासारखे वाटते. ते मला रुचत नाही. ज्याला चार सूर धीराने वाजविता येतात, त्यालाच चाळीस शोभतात.

लिझी डग्लस ही बाई मेम्फिस मिनी या नावाने गाजली. मिसिसिपी नदीला १९२७ साली आलेल्या महापुरावरील गाण्याला १९२९ साली गिटारची साथ तिनेच केली. १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या आठवणी ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना ते गाणे परके वाटणार नाही. तरी त्या लोकांचे दुःख आपण सोसलेले नाही. त्यांच्या रडण्याचे सोंग आपण आणू नये. लय घ्यावी, धीर घ्यावा.

वयाची शंका घेणाऱ्यांना एलिझाबेथ कॉटनची गोष्ट सांगते. ती नॉर्थ कॅरोलायनातली, डावखुरी. लहानपणीच घरकामाला लागली आणि त्या पैशातून पावणेचार डॉलरची गिटार घेतली. गिटार उलटी धरून आपले आपण शिकली. लग्न झाले, चर्चमधल्या मंडळींनीही टोकले, आणि गिटार कित्येक वर्षे बाजूला पडली. पुढे ती सीगर नावाच्या गाणाऱ्या कुटुंबात स्वयंपाकपाणी करू लागली आणि त्यांच्या घरची गिटार हाती घेऊन पुन्हा वाजवू लागली. १९५८ साली तिची पहिली तबकडी निघाली, तेव्हा तिने साठी ओलांडली होती. १९८५ साली तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेव्हा नव्वदी उलटली होती. मुलगी असताना मालगाडीवर रचलेले तिचे गाणे आजही लोक वाजवितात.

चर्चमधली मंडळी टोकतात आणि आपल्याकडे शेजारी टोकतात, एवढाच काय तो फरक! घरात वाद्य असून हात न लावलेल्या बायका आपल्यात किती असतील?

माझी गिटार मी बरोबर आणली आहे. कुणाला बोटे लावून पाहावयाची असतील त्यांनी चहानंतर थांबावे. डाव्या हाताची नखे मात्र कापलेली हवीत.