मांगराचा धडा, घराचा आराखडा



सुर्ला हा डिचोली तालुक्यातील खाणपट्ट्याचा गाव. या गावांतून, तसेच पेडण्याकडे, शेताच्या कडेला मांगर दिसतो. गवत व नांगर-जू ठेवावे, गुरे बांधावी, यासाठी शेतकऱ्याने उभारलेली ही साधी वास्तू. नवे घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबाचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः आराखड्याचा पहिला धडा तेथेच मिळतो.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मांगर बांधणाऱ्याने याचे भान ठेवले. छप्पर उतरते, वळचण भिंतीच्या बरीच पुढे, आणि भिंत व छप्पर यांमध्ये वारा खेळण्यास जागा. त्यामुळे भिंत भिजत नाही व गवतास कुबट वास लागत नाही. याउलट कर्ज काढून सपाट गच्चीचे घर बांधले जाते, काही पावसाळ्यांनंतर गच्ची झिरपू लागते आणि तिच्यावर पत्रे चढवावे लागतात. एका घरास दोन छपरांचा हा खर्च कुटुंबाच्या पुंजीतूनच जातो.

भिंतीसाठी चिरा जवळच मिळतो. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागून कठीण होतो. कौले मात्र नव्या काळाची देणगी होय. बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना १८६५ साली काढला आणि कोकणातील घरांनी ती आपलीशी केली. म्हणजे उपयुक्त नवे स्वीकारणे हीसुद्धा परंपराच आहे.

तेव्हा आजच्या घरात पुढे सोपा, मध्ये उजेडासाठी राजांगण, वर हवेशीर माळा आणि पडवीने जोडलेले न्हाणीघर व शौचालय अशी योजना करता येईल. वाशांना वाळवीचे भय असते, तेथे लोखंडी नळ्या वापराव्यात. दरवर्षी पावसाआधी कौले परतण्याचा खर्चही आधीच हिशेबात धरावा.

नकाशा काढण्यापूर्वी घरातील स्त्रियांना व गावच्या जुन्या गवंड्याला विचारावे, आणि भर पावसात एकदा मांगरात उभे राहून पाणी कोठून वाहते ते पाहावे. जुना मांगर पाडावाच लागला, तर त्याचे चिरे व कौले निवडून ठेवावीत. नव्या घराच्या कामी ती येतील.