रिपोर्टखालची सही

मुंबईत ठाकूरद्वारच्या नाक्यावरच्या प्रयोगशाळेतून तपासणीचा रिपोर्ट घेऊन निघताना खालच्या सहीकडे आपलं क्वचितच लक्ष जातं. त्या ‘एम.डी. पॅथॉलॉजी’मागे एमबीबीएसनंतरची तीन वर्षं असतात, भायखळ्याच्या जेजे किंवा परळच्या केईएमसारख्या रुग्णालयात काढलेली.

शस्त्रक्रियेत काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या बरणीतून येते. हे शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर ती आधी नुसत्या डोळ्यांनी पाहतात, मोजतात, कडांना शाई लावतात, मग कापतात. तपासायचे तुकडे इथेच निवडायचे. माझ्या मते खरी परीक्षा हीच, कारण नेमका भाग सुटला तर पुढे सूक्ष्मदर्शक काय दाखवणार? मग मेणाचा ठोकळा, त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप आणि रंग: पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी.

ही विद्या मुंबईत रुजवणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकरांचं नाव मोठं. केईएमशी जोडलेल्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवून 1941 मध्ये ते टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले.

बरणीतल्या गाठीला वेळ देता येतो, पण कधी रुग्ण टेबलावर भुलीखाली असतानाच तुकडा येतो. तो गोठवून, कापून काही मिनिटांत उत्तर द्यावं लागतं. तेव्हा निवासी डॉक्टरही काचपट्टी पाहून मत मांडतात. निर्णय मात्र शेजारी बसलेल्या वरिष्ठांचा.