थापटण्याची परीक्षा

हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं नरसी नांवाचें एक गांव आहे. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरेनें या गांवाला मान दिला, आणि म्हणूनच लोक त्याला नुसतें नरसी न म्हणतां नरसी नामदेव म्हणतात. दामाशेटी शिंपी आणि गोणाई यांच्या पोटीं इ. स. १२७० मध्यें जन्मलेल्या या मुलाचें नांव गांवाच्या नांवाला कायमचें जोडलें गेलें. पण याच नामदेवांना त्यांच्या हयातींत, भर संतसभेंत, ‘कच्चें मडकें’ ठरविण्यांत आलें होतें, असें संतकथा सांगते. मनुष्याचा स्वभाव ओळखण्याच्या ज्या चाचण्यांचें आज सर्वत्र इतकें आकर्षण दिसतें, त्यांचा विचार करावयाचा झाल्यास या कथेपासून आरंभ करणें योग्य होईल.

कथा अशी. तेर येथें गोरोबाकाका कुंभारांच्या घरीं निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव आदिकरून संतमंडळी जमली होती. जवळच कुंभारकामाचीं अवजारें पडलीं होतीं. त्यांतील लांकडी थापटणें पाहून मुक्ताबाईनें विचारलें, “काका, हें कशासाठीं?” गोरोबाकाका म्हणाले, “यानें मडकें वाजवून पाहिलें म्हणजे कच्चें कीं पक्कें तें कळतें.” त्यावर ती म्हणाली, “आम्हीही मडकींच आहों. मग आमचीही पारख होऊन जाऊं द्या.” काका उठले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटणें मारीत चालले. सर्वांनीं तें मुकाट्यानें सोसलें. नामदेवांची पाळी आली तेव्हां मात्र ते संतापले. घरीं बोलावून पाहुण्यांना मारणें ही कोठली रीत, असा त्यांचा भाव होता. निकाल तत्काळ लागला: एवढें एक मडकें कच्चें राहिलें आहे.

या परीक्षेंत मोजलें काय गेलें, हा खरा प्रश्न आहे. लांकडाच्या फटक्यानें कोणाची भक्ति मोजतां येत नाहीं. थापटणें केवळ निमित्त होतें. पुढचें सर्व ज्यानें त्यानें स्वतःच सांगितलें. देव आपल्याशीं बोलतो, आपल्या हातचें जेवतो, हा अभिमान नामदेवांच्या अंतरीं दडून बसला होता, आणि एका टोल्यासरशी तो बाहेर आला. पक्क्या मडक्याचा नाद खणखणीत निघतो, कच्च्याचा बद्द. नाद मडक्याचाच असतो. कुंभार तो ऐकून घेतो इतकेंच.

आपण कोण आहोंत हें दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची भूक मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. आपल्या वैद्यांनीं वात, पित्त आणि कफ यांवरून प्रकृति ठरविल्या. ग्रीक वैद्यांनीं शरीरांतील चार रसांवरून मनुष्यांचे चार स्वभाव कल्पिले. गीतेच्या चौदाव्या अध्यायानें सत्त्व, रज आणि तम हे तीन गुण सांगितले. दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत समर्थांनीं मूर्खाचीं लक्षणें दिलीं, आणि तीं वाचून शेजाऱ्याकडे बोट दाखविणाऱ्या वाचकासाठीं त्याच दशकाच्या अखेरीस पढतमूर्खाचींही लक्षणें दिलीं.

आधुनिक काळांत या भुकेला शास्त्राचा वेष मिळाला. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनीं १९२१ सालीं स्वभावप्रकारांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ‘अंतर्मुख’ व ‘बहिर्मुख’ हे भेद सर्वतोमुखीं केले. त्यांच्या विचारांवरून अमेरिकेंतील कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनीं एक प्रश्नावली रचली. दोघींपैकीं कोणीही मानसशास्त्राचें रीतसर शिक्षण घेतलेलें नव्हतें. तरीही त्यांनीं आंखलेले मनुष्यजातीचे सोळा प्रकार आज जगभर कचेऱ्यांत आणि विद्यालयांत परिचित आहेत. हातांतल्या मोबाईलवर कांहीं मिनिटांत प्रश्न सोडवावे आणि चार अक्षरांत आपला स्वभाव वाचावा, हा तरुण मंडळींचा आवडता विरंगुळा झाला आहे.

या आवडीला हंसण्याचें कारण नाहीं. भरल्या घरांत मनुष्याला दिवसभर अनेक प्रश्न विचारले जातात: जेवलास का, अभ्यास झाला का, पगार किती. परंतु तुला गर्दींत बरें वाटतें कीं एकांतांत, रागावल्यावर तूं बोलतोस कीं गप्प बसतोस, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रश्नावली तें विचारते आणि उत्तर शांतपणें ऐकून घेते. लग्नाच्या मांडवांतून उठून मागील ओसरीवर जाऊन बसणाऱ्या मुलीला आजवर ‘माणूसघाणी’ हा एकच शब्द ऐकावा लागला असेल, तर ‘अंतर्मुख’ हा शब्द तिला केवढा दिलासा देतो! आपल्यांत खोट नाहीं, आपल्यासारखीं आणखीही माणसें आहेत, एवढें समजणें हाही लहान लाभ नव्हे.

पण या गोडीतच धोका आहे. १९४८ सालीं बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक स्वभावचाचणी दिली आणि कांहीं दिवसांनीं प्रत्येकाच्या हातीं त्याचें स्वभाववर्णन ठेवलें. तें कितपत जुळतें याला पांचपैकीं गुण देण्यास त्यानें सांगितलें. सरासरी चारांहून अधिक पडली. नंतर उलगडा झाला कीं सर्वांना दिलेला मजकूर अक्षरशः एकच होता, आणि तो बाजारांत मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकांतून उतरून घेतलेला होता. तुम्हांला लोकांनीं चांगलें म्हणावें असें वाटतें, तुमच्या अंगचे पुष्कळ गुण अद्याप वापरांत आलेले नाहींत, अशा धर्तीचीं तीं वाक्यें होतीं. अशीं वाक्यें कोणाला लागू पडणार नाहींत? रस्त्याच्या कडेला पोपटाकडून चिठ्ठी काढविणाऱ्यालाही हें गुपित ठाऊक असतें.

सोळा प्रकारांच्या चाचणीवर याखेरीज आणखी एक आक्षेप आहे. तीच प्रश्नावली कांहीं आठवड्यांनीं पुन्हा सोडविली असतां पुष्कळांचा प्रकार बदलतो. कारण उघड आहे. बहुसंख्य माणसें दोन टोकांच्या मधल्या भागांत असतात. मध्यें रेघ ओढून अलीकडचे अंतर्मुख आणि पलीकडचे बहिर्मुख असें ठरविलें, तर रेघेजवळचा मनुष्य आज इकडे, उद्यां तिकडे पडणारच. निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख असा मनुष्य नसतो, हें खुद्द युंग यांचेंही मत होतें. म्हणूनच हल्लींचे बहुतेक मानसशास्त्रज्ञ माणसांचे कप्पे पाडण्याऐवजीं स्वभावाचे पांच मुख्य पैलू घेऊन प्रत्येकाचें प्रमाण कमीअधिक किती, एवढेंच मोजणें पसंत करतात.

शिवाय या लोकप्रिय चाचण्यांत कोणी नापास होत नाहीं. सोळाही प्रकार गुणवान, सोळांचेंही वर्णन गोड. ज्या कुंभाराचें थापटणें प्रत्येक मडक्याला पक्कें म्हणतें, त्याच्याकडून घागर घेऊन कोण पाण्याला जाईल?

हा केवळ करमणुकीचा प्रश्न असता तर येथेंच सोडून देतां आला असता. पण माणसाला दिलेल्या नांवावरून त्याचें आयुष्य ठरविलें जातें, आणि याचा दाखला महाराष्ट्राला परदेशांतून आणावयास नको. लग्नासाठीं पत्रिका जुळवितांना ३६ गुण पाहतात. त्यांतील ६ गुण गणमैत्रीचे. २७ नक्षत्रांची वांटणी देवगण, मनुष्यगण आणि राक्षसगण अशी नऊ-नऊंच्या तीन गटांत केलेली आहे. जन्मवेळीं चंद्र ज्या नक्षत्रांत असेल त्यावरून गण ठरतो. ज्या मुलीच्या वाट्याला राक्षसगण येतो, तिनें एकाही प्रश्नाचें उत्तर दिलेलें नसतें. तिचा राग कोणी पाहिलेला नसतो, तिची माया कोणी अनुभवलेली नसते. तरीही कांहीं घरांत तेवढ्या एका शब्दापायीं तिचें स्थळ परत जातें, आणि तो शब्द ऐकत ती वाढते. स्वभावाची चाचणी नोकरी देण्याघेण्यासाठीं वापरणारा अधिकारी आणि ‘राक्षसगणी’ म्हणून मुलगी नाकारणारें घर यांची चूक एकाच जातीची आहे. दोघेही माणसापेक्षां चिठ्ठीवर अधिक विश्वास ठेवतात.

गोरोबाकाकांचा शब्द याहून कठोर होता. तो चारचौघांत उच्चारला गेला होता. तरीही तो निराळा होता. ‘राक्षसगणी’ हा जन्माचा शिक्का आहे. ‘कच्चें’ ही आजची अवस्था आहे. कच्चें मडकें कोणताही कुंभार फेकून देत नाहीं, तो तें आव्यांत घालतो. शिवाय कच्च्याला एक भाग्य असतें: तें मोडलें तरी त्याची माती पुन्हा भिजवितां येते. भाजलेलें फुटलें कीं त्याचें खापर होतें, त्याला पुन्हा चाक नाहीं.

नामदेवांना हें त्या क्षणीं उमगलें नाहीं. कथा म्हणते, ते रडत पंढरपुरास विठ्ठलाकडे गेले. निकाल मनासारखा न आल्यास दुसऱ्या परीक्षकाकडे धांव घेणें हा मनुष्यस्वभावच आहे. आजचे लोक त्यासाठीं तीच चाचणी पुन्हा सोडवितात. पण विठ्ठलानेंही कुंभाराचाच निकाल कायम केला आणि नामदेवांना विसोबा खेचरांकडे जाण्यास सांगितलें. ही भेट नरसीच्याच टापूंत, औंढा नागनाथाच्या देवळांत झाली, असें या भागांत मानतात. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनीं हटकतांच ते म्हणाले, जेथें देव नसेल तेथें माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय जेथें जेथें ठेवीत तेथें तेथें पिंडी उभी राही. एका मूर्तींत पाहिलेला देव सर्वत्र आहे, हें ज्ञान त्यांना तेथें झालें.

ज्या विसोबांकडे नामदेवांना धाडलें गेलें त्यांचीही हकीकत याच विषयाची आहे. परंपरा त्यांना आळंदीचे विसोबा चाटी समजते. त्यांनीं ज्ञानदेवादि भावंडांचा छळ केला. मांडे भाजण्यासाठीं मुक्ताबाईला कुंभाराकडून खापरही मिळूं दिलें नाहीं. पुढें पश्चात्ताप होऊन ते शरण आले, तेव्हां ज्ञानदेवांनीं त्यांना ‘खेचरा, दूर हो’ म्हणून झिडकारलें, असें सांगतात. खेचर म्हणजे खेंचर, एक हलका शब्द. विसोबांनीं तो पुसून टाकण्याची खटपट केली नाहीं. तोच आपल्या नांवाला जोडून घेतला आणि आपल्या आचरणानें त्याचा अर्थ बदलला. एकदां शिव्याशाप देणाऱ्या मनुष्याच्या पायाशीं नामदेवांना बसावें लागलें, यावरून त्या संतमंडळींत स्वभाव हा अढळ मानला जात नव्हता हें उघड आहे.

वारकऱ्यांनीं नामदेवांच्या फजितीची ही गोष्ट लपविली नाहीं. उलट ती प्रेमानें सांगितली, आणि आजही कीर्तनांतून ती ऐकतांना श्रोत्यांच्या मुखावर हंसूं उमटतें. कारण तिचा शेवट सर्वांना माहीत असतो. हाच कच्चा ठरलेला शिंपी पुढें उत्तरेंत गेला. पंजाबांतील घुमान येथें त्याची स्मृति आजही जपली जाते, आणि शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत त्याचीं ६१ पदें समाविष्ट आहेत. नरसींत आज नामदेवांच्या मंदिराबरोबर गुरुद्वाराही आहे. पंढरपुरास महाद्वाराच्या पायरीला त्यांचें नांव आहे. ज्यानें मस्तकावर एक टोला सोसला नाहीं, त्यानें पुढें भक्तांच्या पायांची धूळ मस्तकीं घेण्यासाठीं ती जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे.

तेव्हां स्वभावाच्या चाचण्या खुशाल द्याव्या. पण मिळालेल्या शब्दाला एकच प्रश्न विचारावा: हा शब्द येथेंच बसावयास सांगतो, कीं उठून पुढें चालावयास? ‘मी असाच आहे’ असें म्हणून जो निकालाच्या चिठ्ठीवर डोकें ठेवून निजतो, त्याला चाचणीनें कांहींच दाखविलें नाहीं. ज्याला निकाल झोंबतो आणि तो कां झोंबला हें जो स्वतःशीं तपासतो, त्याला मात्र थापटण्याचा नाद ऐकूं आला असें म्हणावें. तेरच्या त्या सभेंत सर्वांची परीक्षा झाली. परंतु जी कथा शतकानुशतकें टिकली ती उत्तीर्ण झालेल्यांची नव्हे. ती कच्च्या निघालेल्या आणि मग आव्याची वाट धरलेल्या एका मडक्याची आहे.