गाडी आपल्या वजनाला लावून घेऊ या

(पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना इथे आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि बचत गटातल्या बायकांसमोर केलेलं भाषण.)



आज मी हुंड्याबद्दल, दारूबद्दल किंवा रेशन कार्डाबद्दल बोलणार नाही. मोटारसायकलच्या शॉकपबद्दल बोलणार आहे. हसू येतंय ना? येऊ द्या. पण समाजकार्य शिकलेली बाई पाना घेऊन तुमच्यापुढे का उभी आहे, ते आधी सांगते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणी आता गाडी चालवतात. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्याबरोबर आशा आली. तिला वाडी-वस्तीवर जायचं असतं, बाळंतिणीच्या घरी जायचं असतं, बैठकीला भोकरदन गाठायचं असतं. एसटी काही तिच्या वेळेला येत नाही. मग घरात जी गाडी असेल ती ती शिकते. आणि घरात असते ती बहुधा नवऱ्याची, दिराची मोटारसायकल. लुना १९७२ साली आली, किनेटिक होंडा १९८४ साली. त्यांच्यावर शहरातल्या कितीतरी बाया स्वार झाल्या. खेड्यात मात्र शेताच्या वाटेला टिकते, पोती वाहते म्हणून मोटारसायकलच घेतली जाते. ती निवडताना बाईचं वजन, बाईची उंची कोणी विचारात घेत नाही.

शिकल्यावर काही महिन्यांतच कितीतरी जणी गाडी सोडून देतात. का सोडली, असं विचारलं की तीन उत्तरं येतात. 'गाडी फार उडते.' 'पाय पुरत नाहीत.' 'वळणावर भेव वाटतं.' घरचे या तिन्हीचं मिळून एकच वाक्य करतात, 'बाईला गाडी जमत नाही.' आणि आपणही ते खरं मानून पुन्हा मागच्या सीटवर जाऊन बसतो. मला आज एवढंच सांगायचंय की ही तीन वाक्यं भित्रेपणाची नाहीत. ही गाडीबद्दलची तक्रार आहे. हेच एखाद्या पुरुषाने मिस्तरीला सांगितलं, तर मिस्तरी आधी गाडी बघतो. आपलं ऐकून सगळे आपल्याकडे बघतात.

आता गाडी बघू. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जे शॉकप असतात, त्यांत दोन वस्तू आहेत. बाहेरून दिसते ती स्प्रिंग. आत नळीत तेल आणि दट्ट्या. स्प्रिंग वजन तोलते. पण नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी झोक्यासारखी हलत राहिली असती. ते हलणं तेल थांबवतं. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून आपण हात लावून ते हळू मिटतो ना, तसं.

स्प्रिंगच्या एका टोकाला पायऱ्या-पायऱ्यांची एक कडी असते. पुष्कळ साध्या मोटारसायकलींना पाच खाचा असतात, काही स्कूटरला तीन. ही कडी फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. इथे एक गैरसमज आहे. खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते, असं सगळे म्हणतात. तसं नाही. स्प्रिंग तीच, तिचा जोरही तोच. फक्त सुरुवातीचा ताण बदलतो. बाजेची दावण ढिली झाली की माणूस खोल जातो, ओढून घेतली की वर येतो. दोऱ्या काही बदललेल्या नसतात.

आता आपल्या गावातलीच परिस्थिती घ्या. पिंपळगावचा मिरचीचा बाजार लांबलांबपर्यंत माहीत आहे. हंगामात घरचा माणूस मिरचीचं पोतं बांधून आणतो. सत्तर-पंच्याहत्तर किलोचा तो, वर पोतं. त्याने शॉकप पाचव्या खाचेवर ठेवला तर त्याचं बरोबरच आहे. नाही ठेवला तर गाडी मागून बसेल, पुढचं चाक हलकं पडेल, हॅन्डल सुस्त होईल, दिव्याचा उजेड रस्त्याऐवजी झाडांवर जाईल आणि गतिरोधकावर शॉकप तळाला आपटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी घेऊन पंचेचाळीस किलोची तुम्ही निघता. खाच पाचवीच. तुमच्या वजनाने स्प्रिंग जेमतेम दबते. गाडी मागून उंच राहते, म्हणून पाय पुरत नाहीत. खड्डा आला की चाकाला खाली जायला वावच उरत नाही, ते जमीन सोडतं, म्हणून गाडी उडते. मागची बाजू उंच झाली की पुढचा फोर्क जरा उभा होतो, हॅन्डल जास्तच चपळ होतं, आणि खडीवर मागचं चाक नीट टेकत नसलं तर वळणावर भेव वाटणारच. तुमची तिन्ही वाक्यं एका कडीपाशी येऊन थांबली की नाही?

मग आपली खाच ओळखायची कशी? शिवणकामाची टेप घ्या आणि दोन मैत्रिणी बोलवा. गाडी मेन स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी हवं. चाकाच्या आसाच्या नटापासून सरळ वर, सीटखाली खडूने एक खूण करा. हे अंतर मोजून वहीत लिहा. मग गाडी स्टँडवरून उतरवा. एकीने पुढून हॅन्डल धरायचं, तुम्ही नेहमीच्या पिशवीसह, हेल्मेट घालून, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसायचं. तिसरीने तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या वजनाने गाडी किती बसली ते. ढोबळ नियम असा, की चाक एकूण जितकं वर-खाली होऊ शकतं, त्याच्या पाव ते एक तृतीयांश ती बसावी. चाकाची पूर्ण हालचाल आठ सेंटीमीटर धरली तर दोन ते पावणेतीन सेंटीमीटर. एकच सेंटीमीटर बसली तर खाच कमी करा. चार बसली तर वाढवा.

खाच बदलायला गाडीच्या हत्यारांत आकड्यासारखा पाना येतो. गाडी मेन स्टँडवरच हवी. पाना कडीच्या खोबणीत नीट बसवा, एकेक खाच फिरवा. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बोटं घालू नका, पाना निसटला तर बोट चेंगरतं. आणि पाठ करून ठेवा, डावीकडे जी खाच तीच उजवीकडे. एक बाजू दुसरीवर आणि एक चौथीवर, अशी गाडी चालवायची नाही. काही गाड्यांना मधोमध एकच शॉकप असतो. तिथे हात पोचत नसेल तर मिस्तरीकडून करून घ्या, पण कितवी खाच हवी ते तुम्ही सांगा.

त्याआधी टायरमधली हवा मात्र बघा. हवा जास्त असली तर कोणतीही खाच लावा, गाडी उडणारच. किती हवा हवी ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. एकटीसाठी आणि दोघांसाठी मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो. टायर थंड असताना हवा तपासा.

मग रोजचा एक रस्ता ठरवा, ज्याचे खड्डे तुम्हाला तोंडपाठ आहेत. आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात, त्यामुळे परीक्षेला रस्ता शोधावा लागणार नाही. त्याच वेगाने जा-या करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. बचत गटाचा हिशोब जसा ठेवता, तसाच.

खाच हा काही सगळ्यावरचा इलाज नाही. सीट दोन्ही हातांनी दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा झुलली तर आतलं तेल गेलं. नळीवर तेलकट धूळ चिकटलेली दिसली तरी तेच. मग खाच फिरवून उपयोग नाही, शॉकप बदलायचा आणि जोडीनेच बदलायचा. पुढच्या फोर्कवर तेल दिसलं तर सील गेलं. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवल्यावर हॅन्डलपाशी खटखट वाजलं तर कोनसेट बघून घ्या. शॉकप घरी उघडायचा नाही, त्यात कधी कधी दाबाने भरलेला वायू असतो.

पायांचंही प्रामाणिकपणे सांगते. पाचवीवरून पहिलीवर आणलं तरी उंची जेमतेम बोटभर कमी होते. उरलेल्यासाठी सीटवाल्याकडून फोम थोडा कमी करून घ्या. आखूड शॉकप बसवू नका, गाडी खाली घासते आणि वळणावर बिघडते. आणि थांबताना दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत असं नाही. डावा पाय पक्का टेकवा, उजवा मागच्या ब्रेकवर ठेवा. गतिरोधकाच्या आधी वेग कमी करा, पण त्यावर चढताना ब्रेक सोडा. ब्रेक धरलेला असला की पुढचा फोर्क आधीच दबलेला असतो, मग धक्का झेलायला त्याच्याकडे काही उरत नाही.

आणखी एक विचार तुमच्यापुढे ठेवते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागे बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारी जाळी हवी. चांगलाच नियम आहे, त्याने पुष्कळ जणींचे पदर वाचले असतील. ती जाळी काढू नका. पण बघा, गाडीवर आपल्यासाठी म्हणून जे बसवलं जातं, त्याला आपण साडीगार्ड म्हणतो, आणि ते मागे बसणारीसाठी आहे. पुढे बसणारीसाठी काय आहे? ही खाच आहे. ती कोणाच्याही वजनाला लावता येते. फक्त आजवर ती आपल्या वजनाला कोणी लावली नाही.

आणि ही काही परदेशातली विद्या नाही. आपल्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. तिथेच एन्ड्युरन्स कंपनी गाड्यांचे शॉकप आणि फोर्क बनवते. मराठवाड्यात तयार होणारी ही वस्तू मराठवाड्यातल्या बाईला अनोळखी का असावी?

घरी गेल्यावर कटकट होईल, हेही मला माहीत आहे. 'माझी सेटिंग बिघडवली' म्हणतील. भांडू नका. वहीत दोन ओळी लिहा, त्याची खाच चौथी, माझी पहिली. बदलायला पाच मिनिटं लागतात. शिवणयंत्रावर दुसरी बसली तर ती खुर्ची आपल्या मापाने सरकवून घेते, त्याचं कोणी भांडण करत नाही. गाडी दोघांची असेल तर खाचही दोघांची. आणि 'गाडी दोघांची' हे कागदावर खरं आहे का, आरसी बुकावर नाव कोणाचं, हप्ता कोण भरतं, हे प्रश्न यातूनच निघतील. निघू द्यात.

रात्री-बेरात्री दवाखान्यात जायची वेळ येते, तेव्हा घरात गाडी असते, पण चालवणारा गावाला गेलेला असतो. तेव्हा तुमचा हात हॅन्डलवर ठाम असायला हवा. तो धीर नुसतं 'घाबरू नका' म्हटल्याने येत नाही. आपल्या हाताखालचं यंत्र आपल्याला कळतं, त्यातून येतो. हेल्मेट आणि लायसन्स तर हवंच, त्यात सूट नाही.

बाहेर तीन गाड्या उभ्या आहेत. टेप, खडू आणि पाना मी आणलाय. तिघीतिघींचे गट करा. आधी आकडे मोजू, प्रश्न मोजतामोजताच विचारा.