गर्भाशयाची धमनी आणि तिच्याखालची नळी

गर्भाशयाला रक्त पुरवणारी धमनी ही ओटीपोटातल्या इंटर्नल इलियाक या मोठ्या धमनीची शाखा. एरवी बारीकच, पण गर्भारपणात ती रुंदावते आणि दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त जातं. म्हणूनच बाळंतपणानंतर गर्भाशय नीट आकसलं नाही, तर रक्तस्राव पाहता पाहता जिवावर बेततो. औषधांनी भागलं नाही, तर सर्जन ही धमनी बांधतात. गर्भाशय तरीही जगतं, कारण बीजांडकोशाच्या धमनीकडून त्याला रक्त मिळत राहतं.

ही धमनी बांधण्यातली खरी मेख गर्भाशयमुखाजवळ आहे. तिथून साधारण 2 सेंटिमीटरवर, पुलाखालून पाणी जावं तशी मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी, या धमनीच्या खालून जाते. गर्भपिशवी काढताना या धमनीला लावायचा चिमटा जरा बाहेरच्या बाजूला लागला, तर मूत्रवाहिनीच चिरडते किंवा बांधली जाते. सगळ्यात वाईट म्हणजे, हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर लक्षात येतंच असं नाही. तेव्हा या शस्त्रक्रियेनंतर कुशीत दुखू लागलं, ताप आला किंवा योनिमार्गातून सतत पाणी झिरपू लागलं, तर अंगावर काढू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.