लॉग टेबल आणि दहा दिवस



'साथीचं गणित' या विषयाला मला दहा मिनिटं दिली आहेत. घंटा झाली की बसेन.

सुरुवात मुंबईपासून करतो. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसं गेली, ते आकडे कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ मध्ये आपल्या समीकरणांशी ताडून पाहिले. लागण न झालेली माणसं कमी होत गेली, की सगळ्यांना रोग व्हायच्या आधीच लाट उतरते, हे त्यातून दिसलं. आजची बरीच मॉडेल्स याच घराण्यातली.

पण ते गणित एका शहराचं. देशादेशांतलं अंतर कसं मोजायचं? २०१३ मध्ये ब्रॉकमान आणि हेल्बिंग यांनी किलोमीटर बाजूला ठेवले आणि विमानप्रवाशांवरून अंतर मोजलं. ये-जा जास्त, तर शहर जवळ. तसं मोजल्यावर २००३ चा सार्स आणि २००९ चा स्वाइन फ्लू कुठे कधी पोचला, ते बरंच जुळलं.

आता माझी चूक. मार्च २०२० मध्ये मी आपल्या ग्रुपवर ऐटीत लिहिलं, 'विमानं नव्वद टक्के बंद केली की धोका दहा टक्केच उरतो.' भराभर अंगठे आले. (अंगठेवाले समोरच बसलेत.) रात्री गणिताच्या सरांचा फोन आला. "लॉग विसरलास का रे?"

विसरलो होतो. तिकडे रुग्ण दर तीन दिवसांनी दुप्पट होत असतील आणि आपण प्रवासी एक दशांशावर आणले, तर तिकडचे रुग्ण दहापट होईपर्यंतच सवड मिळते. दोनाचा कितवा घात म्हणजे दहा? सुमारे ३.३. तेवढ्या वेळा दुप्पट, म्हणजे दहा दिवस. नव्व्याण्णव टक्के बंद केली तरी वीसच. आणि रोग आत वाढू लागला, की बाहेरून येणाऱ्यांचा हिशेब मागे पडतो. भारतातला पहिला रुग्ण ३० जानेवारीला सापडला होता. परदेशातून येणारी प्रवासी विमानं २२ मार्चपासून थांबली.

खजील होऊन मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली, 'फक्त दहा दिवस मिळतात.' त्यावर तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर असलेल्या आपल्या वर्गमैत्रिणीचं उत्तर आलं, 'फक्त म्हणू नकोस. दहा दिवसांत मी खाटा लावून घेते, सिलिंडर मागवते, सिस्टरना पीपीई किट घालायला-काढायला शिकवते.'

ती आज शेवटच्या बाकावर बसली आहे, तेव्हासारखीच. माझी उरलेली चार मिनिटं तिला देतो.