लाटेचा दर कोण ठरवणार?



मी माढा तालुक्यातल्या मोडनिंबचा. समुद्र बघायचा तर आम्हाला सह्याद्री उतरावा लागतो. तरी आज समुद्राच्या विजेवर बोलायचं आहे, आणि सुरुवात उसापासून करायची आहे.

ऊस वर्षभर रानात उभा असतो. बेणं, खत, पाणी, सगळा खर्च आधी. एफआरपीचा, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दराचा, आधार असतो म्हणून शेतकरी सरी पाडतो. बगॅसचं, म्हणजे उसाच्या चिपाडाचंही तसंच. कारखाने तो पूर्वीपासून जाळत होते. 2002 मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने त्या विजेचा दर ठरवून दिला आणि वीज विकण्याच्या धंद्याला बळ आलं.

लाटेला असा दर आपण दिलेला नाही. केरळात विळिंजमला 1991 मध्ये 150 किलोवॉटचं संयंत्र उभं राहिलं. काँक्रीटच्या खोलीत लाट शिरली की हवा वर रेटायची, ओसरली की आत ओढायची, अगदी लोहाराचा भाता. त्या वाऱ्यावर टर्बाइन फिरायचं. वीज निघाली, पण काम प्रयोगाच्या पुढे सरकलं नाही. बंगालमधली दुर्गादुआनीची 3.75 मेगावॉटची भरतीची योजना तर खर्चापायी सोडून द्यावी लागली. 2019 मध्ये केंद्राने समुद्राच्या ऊर्जेला नवीकरणीय म्हणून मान्यता दिली. मान्यतेवर बँक कर्ज देत नाही. जून 2024 मध्ये 7,453 कोटी मंजूर झाले ते समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी, गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर. आपला 720 किलोमीटरचा किनारा त्यात नाही, याची मला खंत वाटते.

दर कसा बांधता येतो ते ब्रिटनमध्ये दिसतं. तिथे सरकार लिलावातून दर बांधून देतं. बाजारभाव खाली गेला तर फरक भरून मिळतो, वर गेला तर जादा पैसे परत करायचे. समुद्री वाऱ्याच्या विजेचा दर 2015 च्या लिलावात मेगावॉट-तासाला 120 पौंडांच्या आसपास होता, 2022 मध्ये 37.35 वर आला. त्याच वर्षी भरतीच्या प्रवाहाला, नवखा म्हणून, 178.54 पौंड मिळाले. 2023 मध्ये वाऱ्याच्या दराची कमाल मर्यादा फार खाली ठेवली, तर समुद्री वाऱ्यासाठी एकही बोली आली नाही.

आपल्या आयोगाने कोकणच्या लाटांसाठी पहिल्या थोड्या मेगावॉटचा दर वीस वर्षांसाठी बांधून द्यावा, असं मला मनापासून वाटतं. त्याचा बोजा राज्याच्या तिजोरीवर पडणार की मोडनिंबच्या मोटारीच्या बिलावर, तेही त्याच आदेशात लिहावं.